जेड डेरेदार हवंय? मग कात्री घ्या हातात

जेड आणून दोन-तीन वर्षं झालीत, मरत नाहीये पण धड वाढतही नाहीये, खाली नुसती काडी आणि वर शेंड्याला चार पानं, कुंडी जरा हलली की एका बाजूला कलंडतंय, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. पाणी, ऊन, माती सगळं येईल पुढे, पण माझं मत आधीच सांगून टाकते. हे झाड पाणी द्यायला विसरलात म्हणून सहसा बिघडत नाही, कापायला विसरलात की बिघडतं. आणि कापायचीच सगळ्यांना भीती, एवढं जपून वाढवलंय त्याला कात्री कशी लावायची म्हणून.

आधी तुमच्याकडे नक्की कुठलं जेड आहे ते बघून घ्या, कारण या एकाच नावाने दोन वेगळी झाडं मिळतात. एकाची पानं अंगठ्याएवढी, जाड, गुळगुळीत, खोड लहानपणापासूनच फुगीर, ते क्रॅसुला ओव्हाटा. दुसऱ्याची पानं बोटाच्या नखाएवढी, गोलसर, आणि काड्या लालसर तपकिरी, ते पोर्टुलॅकेरिया आफ्रा, त्याला कोणी मिनी जेड म्हणतं कोणी एलिफंट बुश. दोन्ही मूळची आफ्रिकेच्या दक्षिणेकडची, पण कुळं वेगळी, नातं म्हणावं तर तसं जवळचं काही नाही. मी लिहितेय ते बारीक पानांच्या पोर्टुलॅकेरियाबद्दल, कारण फांद्या फुटण्याची खरी मजा त्यातच आहे. मोठ्या पानांच्या जेडलाही यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त ते सगळं निवांत करतं. एक फरक मात्र लक्षात ठेवा, घरात मांजर किंवा कुत्रा असेल आणि त्याला पानं चावायची सवय असेल तर मोठ्या पानांचं क्रॅसुला त्यांना बाधतं, उलट्या होतात, मलूल पडतात. बारीक पानांच्या जेडचं तसं नाही. आणि फांदी मोडल्यावर पांढरा चीक आला तर ते दोन्हीतलं कुठलंच जेड नाही, युफोर्बियापैकी काहीतरी असणार, तो चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, तेव्हा आधी हात धुवा. जेड कापल्यावर नुसतं स्वच्छ पाणी दिसतं.

एलिफंट बुश हे नाव उगीच पडलेलं नाहीये. दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप भागात याची अख्खी रानं आहेत, तिकडे त्याला स्पेकबूम म्हणतात, आणि १९३१ साली हत्तींसाठी राखलेल्या अ‍ॅडो नॅशनल पार्कात हत्ती हे भरपूर खातात. हत्ती वरून ओरबाडतो. शेंडे जातात, फांद्या मोडून पडतात, पडलेली फांदी जमिनीला टेकली की तिथे मुळं धरते, आणि खालच्या फांद्या पसरत पसरत मूळ झाडाभोवती नव्या झाडांचा घागरा तयार होतो. बकऱ्या याच्या उलट, त्या खालून खातात, म्हणजे तो घागराच फस्त करतात, त्यामुळे जिथे बकऱ्या फार झाल्या तिथे ही रानं उजाड झाली. तर सांगायचं काय, वरून तोडलं जाणं हे या झाडाच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि तुमच्या खिडकीत काही हत्ती येणार नाही, ते काम तुम्हालाच करायचंय.

आता एक फांदी हातात धरून नीट बघा. पानं जोडीजोडीने येतात, समोरासमोर, आणि एक जोडी डावी-उजवी असेल तर तिच्या पुढची वर-खाली, त्याच्या पुढची परत डावी-उजवी. जिथे जोडी बसलीय तिथे काडीवर एक बारीक रेघ असते, वळं घातल्यासारखी. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक झोपलेला डोळा असतो. शेंडा शाबूत आहे तोपर्यंत तो खालच्या डोळ्यांना उठू देत नाही, शेंड्यातून ऑक्सिन नावाचं हार्मोन खाली उतरत असतं त्याचा हा दाब. शेंडा उडवला की दाब गेला, आणि ज्या जोडीच्या वर कापलंय त्या जोडीचे दोन्ही डोळे फुटतात. एकीच्या दोन फांद्या झाल्या. त्या दोन-तीन इंच वाढल्या की परत कापा, चार. परत कापा, आठ. डेरेदार जेड म्हणतात ते एवढंच आहे, त्यात खताची जादू वगैरे काही नाही.

पण म्हणून कुठेही कचाकच कापत सुटू नका, जोडीची दिशा बघून कापा. आडव्या जोडीच्या वर कापलं तर दोन फांद्या पंख्यासारख्या दोन्हीकडे पसरतात, हे जवळजवळ नेहमीच चांगलं दिसतं. उभ्या जोडीच्या वर कापलं तर एक सरळ वर जाते आणि एक खाली लोंबते, मग त्यातली नको ती डोळा काडेपेटीच्या गुलाएवढा असतानाच नखाने खरवडून टाकायची, वाढू द्यायची आणि मग कापायची असं नाही. मी सुरुवातीला सगळेच डोळे ठेवले, म्हटलं जितक्या फांद्या तितकं छान, तर आत नुसती गिचडी झाली, मधल्या पानांना ऊन मिळेना, ती पिवळी पडून गळायला लागली आणि मला वाटलं रोग आला. रोग कसला, अंधार होता. आता वर्षातून दोनदा तरी आतल्या बाजूला जाणाऱ्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून टाकते, पलीकडचं थोडं दिसेल इतपत.

किती कापलं तर चालतं, हा प्रश्न सगळे विचारतात. काडीसारखं उंच गेलेलं असेल तर सरळ निम्मं उडवा. खाली एकही पान उरलं नाही तरी ती वळ्यांसारखी रेघ आहे ना, तिथून फुटतं, मुळं धडधाकट आणि हवा उबदार असली म्हणजे झालं. दोन-तीन आठवडे काहीच दिसणार नाही, काठी लावल्यासारखं वाटेल, मग एक दिवस रेघेवर टाचणीच्या डोक्याएवढे लालसर ठिपके दिसतात. तोपर्यंत धीर धरा आणि कृपा करून पाणी ओतत बसू नका, पानंच नाहीत तर पिणार कोण. थंडीच्या दिवसांत मात्र मोठी कापणी नको, तेव्हा झाड गप्प असतं, जखम तशीच राहते.

जाड फांदी कापायची असेल तर एक युक्ती आहे जी मला बऱ्याच उशिरा कळली. इतर झाडांसारखी खोडाला लागून सपाट कापू नका, एक सेंटीमीटरभर खुंट ठेवा. या झाडाची फांदी कापल्यावर कापापासून मागे सुकत जाते, पुढच्या रेघेपर्यंत साधारण, सपाट कापलं तर ते सुकणं खोडात शिरतं आणि खोडाला खड्डा पडतो. खुंट ठेवला तर तो सुकून, आक्रसून काही आठवड्यांनी बोट लावल्यावर आपोआप निघून येतो आणि खाली जखम स्वच्छ भरलेली असते. वर पेस्ट, मेण काही लावायची गरज नाही, उघडीच सुकू द्या, आणि मोठी कापणी केली की पाच-सहा दिवस पाणी बंद. कात्री धारदार हवी आणि आधी स्पिरिटने पुसून घ्या, बोथट कात्री कापत नाही, चिरडते, आणि चिरडलेली जागा सडते.

आता ऊन. हे नसेल तर वरचं सगळं वाया. रोज चार-पाच तास तरी थेट ऊन हवं, जास्त मिळालं तर आणखी छान. कमी पडतंय हे ओळखायला मीटर-बिटर लागत नाही, पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर बघा. उन्हातल्या झाडावर जोड्या जवळजवळ असतात, सावलीतल्या झाडावर एका जोडीपासून दुसरी करंगळीच्या पेराइतकी लांब जाते, काडी बारीक आणि फिकट, आणि सगळं झाड खिडकीकडे मान करून बसलेलं. अशा झाडाला कापूनही दाट होत नाही कारण नवीन फांद्याही तशाच लांबुडक्या येतात. आधी ऊन, मग कात्री. फक्त घरातून काढून एकदम भर दुपारच्या उन्हात ठेवू नका, सावलीत तयार झालेली पानं भाजतात, पांढुरके-तपकिरी कोरडे डाग पडतात आणि ते डाग परत हिरवे होत नाहीत. आधी सकाळचं तासभर, मग दोन तास, असं पंधरा-एक दिवसांत सवय लावा. कडक उन्हात पानांच्या कडा लाल होतात, त्याला घाबरायचं कारण नाही, मला तर तोच रंग आवडतो. थंडीचं म्हणाल तर दहा अंशांच्या खाली रात्री जायला लागल्या की आत घ्या, गोठवणाऱ्या थंडीत पानातलं पाणीच गोठतं आणि सकाळी पानं शिजवल्यासारखी लिबलिबीत होतात.

पाण्याबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात, एक म्हणजे रोज थोडं थोडं आणि दुसरा म्हणजे सक्युलंट आहे, पानांत पाणी साठवणारं झाड, महिनाभर बघूच नका. दोन्ही मला पटत नाहीत. थोडं शास्त्र सांगते, कंटाळवाणं नाहीये. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यात पाणी उडून जातं. क्रॅसुलाच्या कुळातली झाडं छिद्रं रात्री उघडतात, घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा छिद्रं बंद करून वापरतात, या पद्धतीला कॅम म्हणतात, त्यातला पहिला क क्रॅसुलाच्या कुळाचाच. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने पानफुटीची पानं चावून बघितली तर सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागली, त्याचं हे निरीक्षण १८१५ साली छापून आलं, बाकीचा उलगडा पुढे खूप वर्षांनी झाला. आपलं पोर्टुलॅकेरिया याहून चलाख आहे, पाणी भरपूर असलं की साध्या झाडांसारखं दिवसा काम करतं आणि जोरात वाढतं, पाणी तुटलं की कॅमवर जातं आणि नुसतं तग धरतं. म्हणजे महिनाभर पाणी दिलं नाही तर मरणार नाही, पण वाढणारही नाही. फांद्या हव्या असतील तर गरम, उन्हाच्या दिवसांत याला खुशाल पाणी द्या, माती वाळली की लगेच. ऊन कमी, थंडी, ढगाळ हवा असेल तेव्हाच हात आखडता घ्या. दिवस मोजून पाणी देणं हेच मुळात चुकतं.

मग कळायचं कसं? मी पानाला विचारते. खालच्या बाजूचं एक जुनं पान अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबायचं. टणक, फुगलेलं असेल तर आज नको. जरा मऊ, पातळ, वर बारीक सुरकुत्या असतील तर तहान लागलीय, द्या. पण पाणी देण्याआधी दुसऱ्या हाताचं बोट मातीत घालायचंच, किंवा लाकडाची बारीक काडी तळापर्यंत खुपसून ओली निघते का बघायची. कारण सुरकुतलेलं पान आणि ओली माती असं एकत्र दिसलं तर ती तहान नाही, मुळं सडलीत आणि समोर पाणी असून झाडाला पिता येत नाहीये. तिथे आणखी पाणी घातलं की संपलं. द्याल तेव्हा मात्र चमचाभर नको, भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर, आणि खालच्या ताटलीतलं अर्ध्या तासात ओतून टाका.

माझं पहिलं जेड असंच गेलं. भेट आलेलं, प्लॅस्टिकच्या कुंडीत, आणि ती कुंडी एका सुंदर चिनी मातीच्या भांड्यात बसवलेली, दिसायला इतकं गोड की मी ते भांडं कधी काढूनच बघितलं नाही. वरून माती कोरडी दिसायची, मी पाणी द्यायचे. एक दिवस नुसता पडदा लागला आणि पानं टपटप गळली, टणकच होती, पिवळीसुद्धा नव्हती. उचललं तर भांड्यात तीन बोटं पाणी आणि तो वास, तुंबलेल्या मोरीचा असतो ना तसा. खोड बुडाशी दाबलं तर आत बोट गेलं. तेव्हा रडतच फेकून दिलं, आता माहीत आहे की वरच्या फांद्या वाचल्या असत्या. असं झालं तर वरून खाली न येता खालून वर कापत जायचं, प्रत्येक कापाकडे निरखून बघायचं, मध्ये तपकिरी ठिपका किंवा कड्यासारखा डाग दिसला की आणखी वर, कात्री दर वेळी पुसून, आणि काप पूर्ण हिरवट-पांढरा स्वच्छ दिसला की थांबायचं. तेवढा तुकडा सुकवून परत लावायचा. कुंडी दुसऱ्या भांड्यात ठेवायची हौस असेल तर ठेवा बापडे, पण पाणी देताना बाहेर काढून द्या.

मातीला फार वेळ घालवत नाही. नुसती बागेतली माती नको, ती दगड होते. नुसतं कोकोपीटही नको, ओलं असलं तर दिवसेंदिवस ओलं आणि एकदा खडखडीत वाळलं की पाणी आत घेत नाही, कडेने निघून जातं. एक भाग माती, एक भाग मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि दोन भाग खरखरीत काहीतरी, जाड वाळू, विटांचा मुगाएवढा चुरा, परलाइट म्हणजे नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे, जे असेल ते. वाळू बारीक असेल तर न घातलेली बरी, ती फटी बुजवते. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा, मूठ उघडल्यावर गोळा भुगा होऊन पडला पाहिजे. आणि कुंडीच्या तळाला खडीचा थर देतात तो देऊ नका, पाणी बारीक मातीतून मोठ्या खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून बसतं, म्हणजे ओला भाग उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरे. कुंडी मातीची, भोकाची, आणि झाडाच्या मानाने लहानच. मोठ्या कुंडीत लवकर मोठं होईल असं वाटतं, होतं काय तर ज्या मातीत मुळंच नाहीत ती आठवडाभर ओली राहते. दोन वर्षांनी एखाद इंच मोठी, बस. कुंडी बदलल्यावरही चार-पाच दिवस पाणी नाही, तुटलेली मुळं सुकू द्यायची. खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं.

फांद्यांना वळण द्यायला कोणी तार बांधत असेल तर जपून, या फांद्या पाण्याने भरलेल्या असतात, वाकवताना आवाज न करता तुटतात. पाणी तोडून झाड जरा मलूल होऊ द्या, फांद्या लवचिक होतात, मग तार गुंडाळा आणि दर आठवड्याला बघत राहा, पाणी मिळाल्यावर फांदी फुगते आणि तार रुतते. मी स्वतः तार सोडून दिलीय, कात्रीनेच दिशा देते, वेळ लागतो पण व्रण राहत नाहीत.

कीड म्हणजे मुख्यतः पिठ्या ढेकूण. पानाच्या बेचक्यात कापसाचा कण अडकल्यासारखा दिसतो, आपण म्हणतो धूळ असेल, आणि पंधरा दिवसांत दहा ठिकाणी होतो. कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कण पुसा, पुसल्यावर खाली गुलाबीसर डाग आला म्हणजे किडाच होता. मग आठवड्याने परत, आणखी आठवड्याने परत, कारण अंडी राहतात. कडुनिंबाचं तेल फवारायचं तर संध्याकाळी, तेल लागलेल्या पानांवर ऊन पडलं की भाजतात. दाट झाडात हे किडे लपतात, आतल्या फांद्या विरळ करण्याचा हाही एक फायदा. काहीच दिसत नाही पण झाड खंगत चाललंय, असं असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा, तिथेही पांढरी पिठी असू शकते, मग माती सगळी झटकून, मुळं धुऊन, सुकवून नव्या मातीत.

आणि एवढं कापल्यावर ढीगभर फांद्या उरतात, त्या टाकू नका. चार ते सहा इंचांचा तुकडा, खालची दोन-तीन जोड्या पानं काढून, सावलीत चार-पाच दिवस नुसता पडू द्या, कापाचं तोंड बोटाला कोरडं, टणक लागलं पाहिजे. मग जेमतेम ओलसर मिश्रणात दोन इंच खोचा, आठवडाभर पाणी नाही, नंतर थोडं थोडं. उबदार हवेत तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, विरोध जाणवला की मुळं आली. अंगठ्याएवढी जाड फांदीसुद्धा अशी लागते, तिकडे उजाड झालेल्या रानांत तर असे दांडकेच थेट जमिनीत रोवून लागवड करतात. मी एका कुंडीत पाच-सहा तुकडे जवळजवळ लावते, एका हंगामात भरगच्च दिसते. पानापासून रोप करायचा नाद मात्र या झाडात करू नका, ते मोठ्या पानांच्या जेडला जमतं. मी हौसेने एक पान लावलं होतं, त्याला मुळं आली, छान आली, पान टवटवीत आहे, आणि नऊ महिने झाले तरी ते एक पानच आहे.